तुम्ही विचारलंत म्हणून: अळी मक्यावर, मग रिपोर्टात ‘राईस स्ट्रेन’ कसं?

मक्याच्या पोंग्यातून काढलेल्या अमेरिकन लष्करी अळीचा डीएनए रिपोर्ट येतो आणि त्यावर ‘राईस स्ट्रेन’, म्हणजे या अळीचा भातावरचा गट, असं लिहिलेलं असतं. मग हमखास विचारणा होते: नमुन्यांची अदलाबदल झाली का? भात पिकवणारे विचारतात, आता ही आमच्याकडे येणार का? बहुतेक वेळा अदलाबदल झालेली नसते आणि रिपोर्टही चुकलेला नसतो. तो अर्धा असतो.

ही अळी, शास्त्रीय नाव स्पोडोप्टेरा फ्रुजिपर्डा, मूळची अमेरिका खंडातली. दिसायला एकच असलेल्या या प्रजातीत दोन गट आहेत, हे 1980 च्या दशकात तिकडेच लक्षात आलं. एक गट, राईस स्ट्रेन, भात, हरळी, लसूणघास यांवर जास्त सापडे. दुसरा, कॉर्न स्ट्रेन, मका, ज्वारी, कापसावर. डोक्यावरचा उलटा वाय, शेपटीकडच्या आठव्या खंडावरचे चौकोनात बसलेले चार ठिपके, हे सगळं दोन्हींत सारखंच. त्यामुळे नुसत्या डोळ्यांनी स्ट्रेन सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

स्ट्रेन ठरवायला बहुतेक प्रयोगशाळा मायटोकॉन्ड्रियातलं (पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या, स्वतःचा डीएनए असलेल्या भागातलं) सीओआय नावाचं जनुक वाचतात. जुनी स्वस्त पद्धत अशी: 569 अक्षरांचा डीएनएचा तुकडा पीसीआरने (म्हणजे त्याच्या असंख्य प्रती काढून) वाढवायचा आणि त्यावर एमएसपी-वन हे डीएनए कापणारं एन्झाइम घालायचं. कॉर्न स्ट्रेनचा तुकडा 497 आणि 72 असा तुटतो, राईसचा अखंड राहतो. चूक होते ती इथेच. एन्झाइम खराब झालेलं असेल तरीही तुकडा अखंडच राहतो आणि सगळी शेतं ‘राईस’ ठरतात. म्हणून त्याच तुकड्यावर एसएसी-वन हे दुसरं एन्झाइमही चालवावं, ते राईसचा तुकडा कापतं. दोन्हींपैकी एकानेही कापलं नाही तर निकाल देऊच नये. शेजारी माहीत असलेला कॉर्न नमुना हवाच, कारण तुकडे लांबीनुसार वेगळे करणाऱ्या जेलवर 72 चा पट्टा इतका फिकट असतो की नजरेतून सुटतो.

आता मूळ मुद्दा. मायटोकॉन्ड्रिया फक्त आईकडून येतात. म्हणजे सीओआय आईची परंपरा सांगतं, अळीची पूर्ण घडण नाही. टीपीआय हे दुसरं जनुक झेड या लिंग ठरवणाऱ्या गुणसूत्रावर असतं. पतंगांत मादी झेड-डब्ल्यू आणि नर झेड-झेड. लेकीला डब्ल्यू आईकडून मिळतो आणि तिचा एकुलता झेड बापाकडून. राईस मादी आणि कॉर्न नर यांचा संकर झाला, तर पहिल्याच पिढीतल्या सगळ्या लेकींचं सीओआय राईस आणि टीपीआय कॉर्न! पुढे कॉर्न नरांशीच संयोग होत राहिला, तर आईकडचं राईस सीओआय तसंच चालत राहतं आणि बाकीचा जनुकसंच कॉर्नकडे झुकत जातो. भारतात ही अळी मे 2018 मध्ये कर्नाटकात शिवमोग्ग्याला नोंदली गेली, त्याच वर्षी आपल्याकडे सोलापूर-सांगलीकडेही दिसली. भारतातल्या नमुन्यांत सीओआय दोन्ही प्रकारचं मिळतं, राईसचं बरंच. टीपीआय मात्र जवळपास सगळीकडे कॉर्न. शेतात ती मका, ज्वारी, उसावर दिसते, ते टीपीआयशी जुळतं. म्हणून माझं ठाम मत आहे की एकट्या सीओआयवर स्ट्रेनचं नाव छापूच नये.

नमुना पाठवणाऱ्यांनी एवढं पाळा. एका अंडीपुंजातल्या अळ्या सख्ख्या बहिणी-भाऊ असतात, त्यांचं सीओआय एकच. एका झाडाच्या दहा अळ्या पाठवल्या तरी आईचा पुरावा बहुधा एकच. दूरदूरच्या झाडांवरून एकेक घ्या. अळी 95 टक्क्यांहून कडक इथेनॉलमध्ये टाका आणि दुसऱ्या दिवशी ते बदला, कारण अळीच्या अंगातलं पाणी ते पातळ करतं. फॉर्मलिन नको, त्यात डीएनए खराब होतो. प्रयोगशाळेत पोटाचा भाग टाळून पाय किंवा डोकं वापरावं; पोटात परजीवी गांधीलमाशीची पिल्लं असली तर कधी कधी त्यांचाच डीएनए वाढतो. कामगंध सापळ्यातले सगळे पतंग नर असतात आणि त्यात दुसऱ्या प्रजातीही येऊन पडतात, त्यामुळे आधी पंख पाहून वेगळे करा. नरात झेड दोन असल्याने टीपीआयचा क्रम वाचताना आलेखात एकाच जागी दोन शिखरं दिसली, तर तो बिघाड नाही, संकर असू शकतो.

‘औषध लागू पडत नाही, स्ट्रेन वेगळा असेल’ हेही बरेचदा ऐकू येतं. स्ट्रेन आणि प्रतिकार या वेगळ्या गोष्टी. ऑर्गनोफॉस्फेट गटातल्या कीटकनाशकांविरुद्धचा प्रतिकार एसीई-वन या वेगळ्या जनुकातल्या बदलांत शोधतात, सीओआयमध्ये तो दिसणारच नाही. आधी हे तपासा: फवारा पोंग्यात उतरला का? अळी मोठी होऊन विष्ठेच्या बोळ्याखाली दडली होती का? तशा अळीपर्यंत चांगलं औषधही पोहोचत नाही.

आणि भाताचं. भातावर ‘लष्करी’ म्हणून दाखवलेली अळी आपल्याकडे बहुधा मिथिम्ना किंवा स्पोडोप्टेरा मॉरिशिया या दुसऱ्याच प्रजातीची असते; या दोन्ही इथल्या जुन्याच. भिंगाखाली आठवा खंड पाहा. चौकोनातले चार ठिपके ठळक दिसले, तर ती अळी जिवंत न ठेवता इथेनॉलमध्ये टाका, कुपीत पेन्सिलीने गाव, तारीख आणि पीक लिहिलेली चिठ्ठी घाला, आणि पाठवताना सीओआय व टीपीआय दोन्ही मागा.