खाडीपर्यंत नाही

ठाण्याला कोर्टात मी स्टेनो आहे, 22 वर्षं झाली. सरकारी भाषेत लघुलेखक. कथा लिहिते हे तिथे फारसं कुणाला ठाऊक नाही आणि ते बरं आहे. एकदा एका वकिलांना कळलं, तर त्यांनी स्वतःच्या तीन कविता आणून दिल्या.

ही गोष्ट जमिनीच्या वाटपाच्या एका दाव्यातली. पक्षकार ओळखू येऊ नयेत म्हणून काही तपशील बदललेत. साक्षीदार खाडीकाठच्या गावची आगरी आजी. सरतपासाचं, म्हणजे आपल्याच बाजूच्या वकिलांनी घ्यायच्या साक्षीचं, प्रतिज्ञापत्र आधीच दाखल होतं, वकिलांच्या मराठीतलं: 'सदर दावा मिळकत ही वादीच्या वडिलोपार्जित कब्जेवहिवाटीची असून' वगैरे. हल्ली दिवाणी दाव्यात असंच असतं. सरतपास कागदावर, उलटतपास समोर. त्यामुळे साक्षीदाराचा स्वतःचा आवाज ऐकू येतो तो थेट उलटतपासातच.

समोरच्या वकिलांनी विचारलं, "आजी, पश्चिमेला तुमची हद्द कुठवर?"

आजी म्हणाली, "भरतीचा पानी चाटून माघारी जाते, तवर."

न्यायाधीश मॅडमनी नेहमीसारखं सांगितलं, "लिहा. दावा मिळकतीची पश्चिमेची हद्द खाडीपर्यंत आहे." मी लिहिलं. साक्ष नोंदवताना प्रश्न सहसा गळतो आणि उत्तराचं निवेदन होतं. साक्षीदार बोलतो, न्यायाधीश सांगतात, मी टाइप करते आणि कागदावर उमटतो तो त्याचा 'मी'. असे किती 'मी' मी लिहिले असतील, देव जाणे. चोरीला गेलेल्या मोटरसायकलवाल्याचा, नांदायला न गेलेल्या सुनेचा, पंचाचा, तलाठ्याचा. सगळे एकाच सुरात बोलतात. "असे म्हणणे खरे नाही की..." या वाक्याला तर माझी बोटं मला न विचारताच जातात.

खरं तर हे काम त्याहून जुनं आहे. कळव्याच्या आमच्या चाळीत मी सहावीत असल्यापासून शेजाऱ्यांची पत्रं लिहायचे. 15 पैशांचं कार्ड, जागा टीचभर. पलीकडच्या खोलीतली मावशी दहा मिनिटं रडत बोलायची आणि मी लिहायचे, 'मी इकडे खुशाल आहे. तुमची खुशाली कळवणे.' मला वाटायचं, मी किती नीटनेटकं करून देते! पुढे नौपाड्यात टायपिंग शिकले. ओळ संपत आली की मशीनची घंटी वाजायची. वाक्य घंटीच्या आत बसवायची खोड तिथे लागली. माझ्या कथांतली वाक्यं तोकडी असतात, त्याला काही लोक शैली म्हणतात.

लिहायची वेळही कोर्टानेच ठरवून दिली आहे. साडेपाचला सुटल्यावर चालत तलावपाळीला जायचं आणि अर्धा तास वहीत लिहायचं. बोटं तापलेली असतात तेवढ्यात. मे महिन्याच्या सुट्टीत दिवसभर मोकळी असते आणि एक ओळ होत नाही.

तर साक्ष. शेवटी ती साक्षीदाराला वाचून दाखवायची असते. बहुतेक जण मान हलवतात आणि सही करतात. आजीने 'खाडीपर्यंत'ला हात वर केला.

"बाय, आसं मी नाय बोलले."

मॅडम म्हणाल्या, "आजी, अर्थ तोच आहे."

"कसा तोच? खाडी आमची कवा व्हती? खाडी कोनाची नसते. पानी चाटून जाते तवर आमचा."

समोरचे वकील उठलेच. साक्ष बदलतेय म्हणाले. मॅडम मात्र गप्प झाल्या होत्या. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, 1966 चं कलम 20 सांगतं, भरतीरेषेच्या खालचा खाडीचा तळ शासनाचा. 'खाडीपर्यंत' म्हटलं की ओहोटीला उघडा पडणारा चिखलही कुणी आपल्या हद्दीत ओढू शकेल. आजीने ती रेषा एका वाक्यात आखून दिली होती आणि आम्ही दोघींनी मिळून ती पुसली होती. माझ्यापुरतं सांगायचं तर, ते वाक्य ऐकताना 'छान आहे, काव्यात्म आहे' असं वाटून मी ते मनातल्या मनात बाजूला ठेवलं होतं. कामाचं म्हणून ठेवलं ते 'खाडीपर्यंत'.

मॅडम म्हणाल्या, "दुरुस्ती करा. साक्षीदाराचे शब्द अवतरणात, जसेच्या तसे."

आणि माझी बोटं थांबली. 'पाणी' आपोआप उमटलं होतं, ण सकट. मी विचारलं, "मॅडम, पानी लिहू की पाणी?"

मॅडमनी आजीकडे पाहिलं.

"काय पन लिव," आजी म्हणाली, "पन खाडीपरवत नको."

त्या संध्याकाळी तलावपाळीला थांबले नाही. कळव्याच्या पुलावर बसमधून खाडी दिसली. ओहोटी होती, तिवरांच्या मुळ्या उघड्या पडल्या होत्या. कोर्टातलं कथेत आणायचं नाही हा माझा नियम आहे, त्यामुळे आजीचं वाक्य वहीत उतरवलं नाही. पण घरी आल्यावर तीन वर्षं अडकलेली एक कथा काढली. त्यातली आई कोकणातली, तिचा जमिनीवरून दिराशी वाद. एका जागी ती म्हणते, 'आपली हद्द पूर्वेच्या बांधापर्यंत आहे.' हे वाक्य मी अभिमानाने लिहिलं होतं. प्रतिज्ञापत्रात चाललं असतं.

मग चिपळूणला आईला फोन लावला. रात्रीचे साडेनऊ झाले होते, ती घाबरलीच. म्हटलं, काही नाही गं, घरामागचं आपलं कुठवर आहे ते सांग.

"आता कशाला? काकांनी काय काढलंन का परत?"

"नाही. सांग ना."

"फणसापर्यंत आपलं."

"आणि फणस?"

"फणस त्यांचा. सावली आपल्यात पडते."