फिरत्या सुतारकामासाठी मायटर सॉ निवडताना

मायटर सॉ, म्हणजे लाकूड हव्या त्या कोनात आडवे कापणारे यंत्र, घ्यायचे ठरले की बहुतेकांची नजर आधी पात्याच्या व्यासाकडे आणि मोटरच्या वॅटकडे जाते. कार्यशाळेत एका जागी पक्के बसवायचे यंत्र असेल तर त्यात काही गैर नाही. परंतु जे यंत्र रोज गाडीतून उतरवायचे, जिना चढवून न्यायचे, मिळेल त्या जागेत मांडायचे आणि काम संपल्यावर पुन्हा परत न्यायचे, ते इतकी हलवाहलव सोसूनही लावलेला कोन धरून ठेवते का, हे सर्वांत आधी पाहिले पाहिजे असे माझे ठाम मत आहे. ताकद थोडी कमी असली तर पाते सावकाश चालवून निभावते. कोन मात्र हलला की चौकटीचा एकही सांधा नीट बसत नाही.

आकार ठरवताना आपल्या हातून वर्षभरात कोणते लाकूड जास्त जाते, याचा प्रामाणिक हिशेब करावा. बाजारात साधारणपणे १९०, २१६, २५४ आणि ३०५ मिमी व्यासाची पाती असलेली यंत्रे मिळतात. बीडिंग (सजावटीच्या बारीक पट्ट्या), लिपिंग (फळीच्या उघड्या कडेवरची पट्टी), दाराच्या चौकटीभोवतीच्या पट्ट्या, स्कर्टिंग (भिंतीच्या तळाची पट्टी) आणि फर्निचरच्या फ्रेमा हेच मुख्य काम असेल, तर २१६ मिमीचे सरकत्या डोक्याचे, म्हणजे पाते व मोटरचा भाग पुढे-मागे सरकणारे, यंत्र पुरते. त्यात सुमारे ३०० मिमी रुंदीची आणि ६० ते ७० मिमी जाडीची फळी एका कापात निघते. मात्र ही रुंदी काटकोनातल्या कापाची असते. यंत्राचे फिरते टेबल ४५ अंशांवर फिरवले की तीच रुंदी २१० मिमीच्या आसपास येते, आणि डोके कलते केले की जाडीही बरीच घटते. म्हणून माहितीपत्रकातला पहिला मोठा आकडा पाहून निर्णय न घेता ४५ अंशांचे आकडे पाहावेत, कारण मायटर सॉ आपण मुख्यतः त्याच कोनासाठी घेत असतो.

वजनाचा फरक आकाराबरोबर झपाट्याने वाढतो. २१६ मिमीची सरकती यंत्रे साधारण १४ ते १७ किलोंची असतात, तर ३०५ मिमीची सरकती यंत्रे सहज २५ किलोंच्या पुढे जातात. एकट्याने काम करणाऱ्या सुताराच्या दृष्टीने हा फरक फार मोठा आहे. शिवाय वजन किती यापेक्षा ते कसे विभागले आहे, हे हातात घेतल्यावरच कळते. डोके खाली दाबून खिळीने अडकवावे, सरकणारा भाग कुलूपबंद करावा आणि मग वरच्या मुठीने यंत्र उचलून पाहावे. ते एका बाजूला झुकत असेल किंवा मांडीवर आपटत असेल, तर जिन्यात त्याचा त्रास होणारच. सरकणारे दांडे मागे बाहेर येत असतील तर यंत्र भिंतीपासून बरेच पुढे मांडावे लागते. दांडे स्थिर ठेवून त्यांच्यावर डोकेच पुढे-मागे सरकेल अशी रचना छोट्या खोलीत फार सोयीची ठरते.

आता कोनाकडे येतो. एक दशांश अंशाची चूक ऐकायला क्षुल्लक वाटते, पण १०० मिमी रुंदीच्या पट्टीवर तिची फट सुमारे ०.१७ मिमी होते, आणि सांध्याच्या दोन्ही तुकड्यांत तीच चूक असल्यामुळे ती दुप्पट दिसते. चार कोपऱ्यांच्या चौकटीत आठ काप येतात. प्रत्येक काप पाव अंशाने एकाच बाजूला चुकला, तर तीन कोपरे घट्ट बसवल्यावर चौथ्या कोपऱ्यात पूर्ण दोन अंशांची फट उरते. ती पुट्टीने भरता येते, पण भरलेला सांधा पॉलिश केल्यावर लपत नाही.

हे तपासण्याची एक सोपी रीत आहे, आणि विक्रेत्याने परवानगी दिली तर ती दुकानातच करून पाहावी. दोन्ही कडा समांतर रंधून घेतलेली, साधारण १०० मिमी रुंदीची फळी घ्यावी. यंत्र शून्य अंशांवर लावून ती मधोमध कापावी. मग एक तुकडा तसाच ठेवून दुसरा उलटा करावा, म्हणजे त्याची वरची बाजू खाली जाईल आणि फेन्सला (टेबलामागच्या, लाकूड टेकवायच्या उभ्या पट्टीला) टेकलेली कड पुढे येईल. दोन्ही तुकडे फेन्सला घट्ट टेकवून कापलेली टोके एकमेकांना भिडवावीत. फेन्सजवळ किंवा समोरच्या कडेला फट दिसली तर टेबलाचा कोन चुकला आहे. वरच्या किंवा खालच्या अंगाला फट दिसली तर पाते टेबलाला काटकोनात नाही. दिसणारी फट प्रत्यक्ष चुकीच्या दुप्पट असल्यामुळे डोळ्यांनाही ती चटकन कळते. गुण्या (काटकोन तपासायचे साधन) लावून पाहण्यापेक्षा मला ही रीत अधिक भरवशाची वाटते, कारण गुण्या स्वतःच किंचित सरकलेला असू शकतो.

नव्या यंत्रात थोडा फरक निघाला म्हणून ते लगेच बाद करू नये. फेन्सचे आणि टेबलाच्या कोनदर्शकाचे स्क्रू सैल करून कोन पुन्हा बसवता येतो. खरी परीक्षा त्यानंतरची आहे. कोन बसवून झाल्यावर टेबल दोन्ही बाजूंना ४५ पर्यंत फिरवावे, डोके कलते करून परत उभे करावे, यंत्र उचलून पुन्हा खाली ठेवावे आणि तोच काप परत घ्यावा. काप जुळला तर यंत्र खात्रीचे. तसेच डोके पूर्ण बाहेर ओढून मूठ बाजूला हलके दाबून पाहावी. तेथे जाणवणारा ढिलेपणा रुंद फळीच्या कापात उतरतो. फेन्सच्या दोन्ही भागांवर एक सरळ पट्टी टेकवून ते एका रेषेत आहेत ना, तेही बघून घ्यावे.

दोन्ही बाजूंना कलणारे डोके असावे की एकाच, याचे उत्तर कामावर अवलंबून आहे. रंगवलेली किंवा लॅमिनेट लावलेली लांब पट्टी उलटीपालटी करायची नसेल तर दोन्हीकडे कलणारे डोके उपयोगी पडते. उभ्या स्कर्टिंगचे कोपरे टेबल फिरवूनच निघत असल्याने अनेकांना त्याची फारशी गरज पडत नाही, आणि त्यापायी वजन व किंमत दोन्ही वाढतात.

विजेवरचे घ्यावे की बॅटरीचे, हा प्रश्न आता पूर्वीसारखा सोपा राहिलेला नाही. ब्रशलेस (कार्बन ब्रश नसलेल्या) मोटरची १८ व्होल्टची यंत्रे पट्ट्या आणि बीडिंगचे काम उत्तम करतात. त्याच बॅटऱ्यांवर चालणारा ड्रिल आणि गोल करवत आधीपासून हाताशी असेल, तर बॅटरीचे यंत्र घेणे सयुक्तिक आहे. पण ५ अँपिअर-तासांच्या १८ व्होल्ट बॅटरीत ९० वॅट-तास एवढीच ऊर्जा असते. जाड, कठीण लाकूड सलग कापायचे असेल तर वायरचेच यंत्र बरे. वायर घेतली तरी बारीक आणि लांबलचक एक्स्टेन्शनवर ते चालवू नये, कारण व्होल्टेज पडते आणि मोटर तापते.

यंत्राबरोबर येणारे पाते बहुधा कमी दातांचे आणि भरड कापाचे असते, तेव्हा चांगल्या पात्याचे पैसे पहिल्याच अंदाजपत्रकात धरावेत. २१६ मिमीच्या पात्याला २४ दात असतील तर काप वेगाने होतो पण कुसळे निघतात. दिसणाऱ्या सांध्यांसाठी ४८ ते ६० दात हवेत. दातांचा पुढचा कल उणे किंवा शून्याच्या जवळ असावा. टेबल सॉचे (टेबलातून पाते वर आलेल्या करवतीचे) पुढे झुकलेल्या दातांचे पाते सरकत्या यंत्रावर लावले तर ते लाकूड स्वतःकडे खेचते आणि डोके अंगावर उसळू शकते. मधल्या भोकाचा व्यास यंत्रात पाते बसवायच्या दांड्याशी जुळतो का आणि पात्यावर छापलेला कमाल वेग यंत्राच्या वेगापेक्षा जास्त आहे का, हेही वाचून घ्यावे. पातळ पाते बॅटरीच्या यंत्राला हलके जाते; जाड, कठीण लाकडात मात्र ते थरथरते.

रेघ दाखवण्यासाठी लेसरपेक्षा पात्याची सावली पाडणारा एलईडी दिवा मला जास्त आवडतो. सावली प्रत्यक्ष पात्याचीच पडत असल्यामुळे पाते बदलल्यावर काही जुळवावे लागत नाही, आणि कापाच्या दोन्ही कडा दिसतात.

भुशाकडे मात्र कोणी काणाडोळा करू नये. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्ये लाकडाच्या धुळीचा समावेश माणसाला कर्करोग होण्यास निश्चितपणे कारणीभूत असलेल्या पदार्थांत केला आहे. यंत्रामागच्या कापडी पिशवीत सगळा भुसा जमा होत नाही. बारीक धूळ हवेतच राहते. त्यामुळे भुसा बाहेर पडणाऱ्या तोंडाला व्हॅक्यूमची नळी घट्ट बसते का, हे घेतानाच पाहावे आणि बंद खोलीत मास्क लावूनच काम करावे.

विद्युत ब्रेक असलेले यंत्र शक्य असेल तर घ्यावेच. काप संपल्यावर खटका सोडून पाते पूर्ण थांबेपर्यंत डोके खालीच धरायचे असते, नाहीतर सुटलेला छोटा तुकडा दातांत अडकून उडतो. ब्रेकमुळे हे थांबणे काही सेकंदांवर येते आणि घाईच्या कामातही ही शिस्त पाळली जाते. हात पात्यापासून निदान १५ सेंटिमीटर दूर ठेवता येत नसेल इतका तुकडा लहान असेल, तर तो क्लॅम्पने धरावा. म्हणूनच यंत्राबरोबर येणारा क्लॅम्प फेन्सच्या दोन्ही बाजूंना बसतो का आणि डोके पूर्ण कलते केल्यावर मोटरला अडत तर नाही ना, हे दुकानातच करून पाहावे.