क्यूआर कोडाभोवतीची पांढरी जागा

लग्नसराई आली की प्रेसमध्ये रोज एक तरी गिऱ्हाईक म्हणतंच, "दादा, क्यूआर जरा बारीक करा, आणि कडेची ती पांढरी पट्टी काढून टाका. पत्रिकेचा लूक जातोय." बारीक करायला माझी हरकत नसते, झेपेल तेवढा करून देतो. पांढरी पट्टी मात्र मी काढत नाही.

कराडातला हा छापखाना वडिलांचा. आधी ट्रेडल होतं, मग ऑफसेट आलं, आता निम्मं काम डिजिटल आणि फ्लेक्सचं. काहीही छापायला घ्या, हा कोड त्यात असतोच. पत्रिकेवर कार्यालयाचं लोकेशन, मंडळाच्या पावतीपुस्तकावर वर्गणीसाठी, हॉटेलच्या मेनूवर, मंडईतल्या मावशींच्या पाटीवर. लोकांना ती नक्षी वाटते. माझ्या लेखी तो मजकूर आहे, आणि मजकूर वाचता आलाच पाहिजे.

हा कोड 1994 साली जपानमधल्या डेन्सो कंपनीत तयार झाला, गाड्यांच्या सुट्या भागांचा हिशेब ठेवण्यासाठी. मासाहिरो हारा यांच्या टीमपुढे अडचण होती ती अशी, की आजूबाजूला इतका मजकूर आणि चित्रं असताना यंत्राला कोड ओळखू कसा यावा? मग त्यांनी छापील कागद धुंडाळले. मासिकं, जाहिराती, खोक्यांवरची छपाई. काळ्या-पांढऱ्याचं कोणतं प्रमाण छपाईत सगळ्यात कमी सापडतं, हे शोधून काढलं. ते निघालं 1:1:3:1:1, म्हणजे काळं, पांढरं, तिप्पट काळं, पुन्हा पांढरं, काळं. तीन कोपऱ्यांतले चौकोन याच प्रमाणात असतात. कोड आडवा धरा, उलटा धरा, यंत्र त्यांच्यावरून दिशा ओळखतं. हे वाचलं तेव्हा मी फार सुखावलो. या कोडाच्या मुळाशी आमच्या धंद्यातले कागद आहेत! कंपनीने पेटंट घेतलं, पण ते कुणावर लादलं नाही, म्हणून आज मी कुणाला एक रुपया न देता तो छापू शकतो.

पांढऱ्या पट्टीचं कारणही इथेच आहे. कोड कुठे संपतो आणि बाकीचं डिझाइन कुठे सुरू होतं, हे कॅमेऱ्याला कळायला चारही बाजूंनी कोडातल्या चार-चार बारीक चौकोनांएवढी रिकामी जागा लागते. ती गणपतीच्या वेलबुट्टीने भरली की एखाद्या नव्या फोनवर चालेलही, पण पत्रिका हातात घेऊन उन्हात स्टँडवर उभ्या असलेल्या मामांच्या जुन्या फोनवर अडेल. मला छापायचं असतं त्या मामांसाठी. लाल पार्श्वभूमीवर सोनेरी कोड मागणाऱ्यांनाही मी हेच सांगतो.

कोडाच्या मधोमध लोगो टाकता येतो, कारण थोडा भाग झाकला तरी उरलेल्यावरून मजकूर जुळवायची सोय त्यात असते. या सोयीच्या सगळ्यात वरच्या पातळीला साधारण 30 टक्के भाग गेला तरी वाचता येतं. पण ही सोय आहे कारखान्यातल्या तेला-मळासाठी, मंडईतल्या ओल्या हातांसाठी, घासून गेलेल्या लॅमिनेशनसाठी. ती सगळी नवरा-नवरीच्या फोटोत खर्ची घातली, तर पुढे एक ओरखडाही झेपत नाही.

गेल्या सीझनला एका घरची पत्रिका आली, कोड मुलाने फुकटच्या वेबसाइटवर बनवलेला. अशा कोडात बऱ्याचदा लोकेशन नसतंच, त्या साइटची लिंक असते आणि ती पुढे पाठवते. मुदत संपली, लिंक बंद पडली, आणि पत्रिका तर गावोगाव वाटून झालेल्या. वधूचे वडील काउंटरवर बसून एकेकाला फोन करून पत्ता सांगत होते. तेव्हापासून बाहेरून आलेला प्रत्येक कोड मी आधी स्कॅन करतो आणि आत खरोखर काय लिहिलंय ते बघतो. आणि कोडाशेजारी कार्यालयाचा पूर्ण पत्ता, जवळची खूण आणि फोन नंबर अक्षरांत छापतोच. साधा फोन वापरणारी आजी पाहुणीच आहे ना?

दुकानदार एका पाटीवर तीन-तीन ॲपचे कोड मागतात. गरज नाही. रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर 2020 मध्येच कंपन्यांना फक्त स्वतःच्या ॲपपुरते चालणारे नवे कोड काढायला मनाई केली. आता एका यूपीआय कोडवर कुठल्याही यूपीआय ॲपवरून पैसे येतात. एकच छापा, मोठा छापा, खाली नाव ठळक टाका. नावाचा आग्रह यासाठी, की पाटीवर दुसऱ्याच कुणाचं स्टिकर चिकटवून पैसे वळवण्याचे प्रकार होतात. गिऱ्हाइकाने स्क्रीनवरचं नाव पाटीशी ताडून पाहिलं तर चोरी तिथेच उघडी पडते. मावशींना मी पाटी देताना हेही सांगतो, "पैसे घ्यायला आपण कधी स्कॅन करायचं नसतं, पिनही टाकायचा नसतो. कुणी सांगितलं तर समजा फसवतोय." त्या मान डोलावतात आणि लगेच शेजारच्या गाळ्यावर जाऊन तेच सांगतात.

आता पावतीपुस्तकांची कामं येतील. मंडळाच्या पोरांनो, व्हॉट्सॲपवर फिरून आलेला स्क्रीनशॉट आणू नका, त्यात कोडाच्या कडा धूसर होतात. बँकेकडून मिळालेली मूळ पीडीएफ द्या, आणि मंडळाच्या खात्याचाच कोड द्या, खजिनदाराच्या स्वतःच्या नंबरचा नको. फ्लेक्सवर टाकायचा असेल तर दहा फुटांवरून स्कॅन व्हायला कोड फूटभर तरी हवा, त्या हिशेबाने जागा सोडा. प्रूफ आलं की छपाईला सोडण्याआधी एक रुपया पाठवून बघा.