तुम्ही विचारलंत म्हणून: कंपनीची तयार बोट, मग दीड वर्ष कशाला?

पुण्यात आले की हा प्रश्न ठरलेला. मागच्या हिवाळ्यात भाचीच्या लग्नात एका काकांनी तो अगदी नेमका विचारला. "अगं, शोरूममधून गाडी काढली की चाकाखाली लिंबू ठेवतो, नारळ फोडतो आणि निघतो आपण. तुम्ही तर कंपनीत बनलेली, चांगली चालती बोट घेतलीत. मग दीड वर्ष तिच्यावर करत काय होतात?" पंगतीत वाढपी पुढे सरकायच्या आत याचं उत्तर देता येत नाही. काकांना म्हटलं, लिहून पाठवते. त्यांच्याआधी विचारणाऱ्यांचंही उत्तर यातच आहे.

बोट १२ मीटर लांबीची, फ्रान्समध्ये बनलेली, आम्ही घेतली तेव्हा अकरा वर्षांची. ग्रीसच्या पश्चिम किनाऱ्यावर प्रेवेझा नावाचं गाव आहे, त्याच्या समोर खाडीपलीकडे आक्टिओ. इ.स.पू. ३१ मध्ये क्लिओपात्रा आणि अँटनीचं आरमार हरलं ते याच पाण्यात. आज तिथे शेकडो बोटी लोखंडी टेकूंवर कोरड्या जमिनीवर उभ्या असतात. आमचीही तिथेच होती. नवरा मालवाहू जहाजांवर इंजिनिअर, मी चिंचवडच्या एका कारखान्यात वीस वर्षं विजेची देखभाल पाहिलेली. भारतीय पासपोर्टवर तिथे १८० दिवसांत ९०च दिवस राहता येतं. म्हणजे दीड वर्ष म्हणायचं, प्रत्यक्ष काम तीन खेपांत नऊ महिन्यांचं.

शिडाच्या बोटी आता मोटारींसारख्याच साच्यातून निघतात. फायबरचा तळ एका साच्यातून, डेक दुसऱ्यातून, आतलं लाकूडकाम यंत्रावर कापलेलं. म्हणून तर आमच्यासारख्या पगारदार माणसांना बोट घेता आली. पण कंपनी ती बनवते बहुतेकांच्या वापरासाठी, आणि बहुतेक लोक शनिवारी बोटीवर चढतात, दिवसा तीन-चार तास शीड लावतात, संध्याकाळी धक्क्याला लागून विजेची वायर जोडतात, टाकी भरतात आणि जेवायला गावात जातात. पुढच्या शनिवारी किल्ली परत. आमची बोट अकरा वर्षं अशाच आठवड्याच्या भाड्यावर फिरली होती. त्या कामाला ती उत्तम होती. आम्हाला मात्र तिच्यावर वर्षानुवर्षं राहायचं होतं, आणि पुढे अटलांटिकही ओलांडायचा होता.

तिच्यावर युरोपीय नियमांची 'अ' वर्गाची पाटी आहे. आठ बोफर्टच्या (बोफर्ट ही वाऱ्याचा जोर मोजायची पट्टी) वरचा वारा आणि चार मीटरच्या वरच्या लाटा सोसेल अशी रचना, असा तिचा अर्थ. पाटी आहे म्हणजे झालं, असं लोकांना वाटतं. पण ती कारखान्यातून निघालेल्या बोटीबद्दल बोलते. अकरा वर्षांनी पोटातल्या नळांची काय अवस्था आहे, ते आपणच उघडून बघायचं असतं.

इथे कोणीतरी दिलीप दोंदे यांचं नाव काढतंच, आणि मला बरं वाटतं. २००९-१० मध्ये चारच ठिकाणी थांबून शिडाच्या बोटीतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय. पण त्यांची ५६ फुटी 'म्हादेई' गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांच्या यार्डात त्याच सफरीसाठी बांधली गेली, आणि बांधणीच्या काळात दोंदे तिच्यासोबत होते. आमची बोट बांधली तेव्हा आम्ही तिथे नव्हतो. ती उणीव आम्ही दीड वर्षात भरून काढली, हेच काका, तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर.

पहिले तीन आठवडे आम्ही एकही वस्तू विकत आणली नाही. नुसतं उघडत गेलो. फळ्या, गाद्या, छताचं अस्तर, सगळं. तळाच्या आतल्या बाजूला फायबरचीच एक चौकटींची जाळी चिकटवलेली असते. बोटीखाली जे जड लोखंडी पातं असतं, ज्याला कील म्हणतात, त्याच्या बोल्टांचा भार ही जाळी तळभर पसरवते. बोट कधी खडकाला घासली तर बाहेरचा ओरखडा भरून, रंगवून टाकता येतो. आतली चिकटवण सुटलेली असली तरी ती कोणाला दिसत नाही. मे २०१४ मध्ये 'चीकी राफिकी' नावाची ४० फुटी बोट अँटिग्वाहून इंग्लंडला परतताना अटलांटिकमध्ये कील गमावून उलटली आणि चार जण गेले. ब्रिटिश चौकशीत पूर्वीच्या आपटण्यांचा आणि या चिकटवणीचा मुद्दा ठळकपणे पुढे आला. तो अहवाल वाचल्यावर आमचा क्रम ठरला. मडकं घेताना वाजवून बघतो तसं हातोडीच्या लाकडी दांड्याने इंच-इंच ठोकत गेलो. आवाज टणक आला की पुढे, बद्द आला की खडूची खूण. दोन खुणा झाल्या. तिथलं फायबर घासून काढून, नीट वाळवून, इपॉक्सी नावाच्या चिकट राळेत काचेचं कापड बसवण्यात पहिल्या खेपेचा महिना गेला.

मग पितळ. पाण्याच्या रेषेखाली आमच्या बोटीला आठ भोकं होती. सिंकचं, बेसिनचं, संडासाचं, इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याचं, अशी. प्रत्येकावर एक नळ. सिंकखालचा नळ मी पाना लावून सोडवत होते, अजून जोरही लावला नव्हता. होज जिच्यावर चढवतात ती शेपटी मोडून माझ्या हातात आली. मोडलेली कड पिवळी नव्हती, मसुराच्या डाळीसारखी गुलाबी होती. नखाने खरवडली तर भुगा पडला. मी बराच वेळ ती तशीच हातात धरून बसले होते.

पितळ म्हणजे तांबं आणि जस्त, कासं म्हणजे तांबं आणि कथील, हे आपल्याकडे भांडी घासणाऱ्या कोणत्याही आजीला ठाऊक असतं. खाऱ्या पाण्यात साध्या पितळेतलं जस्त हळूहळू निघून जातं. आकार तोच राहतो, आटेसुद्धा शाबूत दिसतात, पण उरतं ते भुसभुशीत तांबं. काशाला हा रोग लागत नाही. युरोपात अशा फिटिंग्जना लागू असलेल्या मानकात टिकाऊपणाची अट पाच वर्षांची होती. आमची फिटिंग्ज अकरा वर्षांची. ३८ मिलिमीटरचं भोक पाण्याखाली अर्ध्या मीटरवर उघडं पडलं तर मिनिटाला शंभर लिटरच्या वर पाणी आत येतं, म्हणजे दोन मिनिटांत दोनशे लिटरचं पिंप. शेपटी कोरड्या जमिनीवर मोडली हे आमचं भाग्य. आठांपैकी दोन भोकं आम्ही कायमची बुजवली. उरलेल्या सहांना काशाचे नळ बसवले, आणि प्रत्येकाशेजारी मऊ लाकडाची निमुळती गुडदी दोरीने बांधून ठेवली. नळ तुटला तर ती हाताशी हवी.

डोलकाठीच्या तारा बदलायच्याच होत्या. साधारण दहा वर्षांनंतर विमावालेही नव्या तारा मागतात. तरी उतरवण्याआधी नवऱ्याने प्रत्येकीवरून कापसाचा बोळा फिरवला. एकोणीस पिळांची तार जिथे खालच्या फिटिंगमध्ये शिरते, नेमकं तिथे एका तारेला कापूस अडकला. एक पीळ तुटलेला होता, डोळ्याला दिसला नव्हता.

विजेचं खातं माझं. कारखान्यात ४१५ व्होल्टशी संसार केलेल्या माणसाला १२ व्होल्टचं गांभीर्य कळायला वेळ लागतो, हे इतर इलेक्ट्रिकल मंडळींसाठी मुद्दाम सांगते. घरातला एक किलोवॅटचा गीझर साडेचार अँपिअरच्या आत-बाहेर घेतो. नांगर उचलणारी एक किलोवॅटची मोटर १२ व्होल्टवर ८०च्या वर घेते. वायर बारीक असली तर ती तापते आणि मोटरपर्यंत दाब पोहोचतच नाही. आमच्या बोटीत काही ठिकाणी साधी तांब्याची वायर होती, कल्हई नसलेली. टोकं सोलली तर चार बोटं आतपर्यंत काळी. ती सगळी काढून कल्हईची वायर ओढली, आणि प्रत्येक टोकाला नंबराची चिठ्ठी लावली.

मग हिशेब. फ्रीजला दिवसाकाठी सुमारे ५० अँपिअर-तास, लांबच्या पल्ल्यावर ऑटोपायलटला तेवढेच, दिवे, उपकरणं, रेडिओ मिळून आणखी तेवढेच. दिवसाला दीडशे. बोटीत शिसाच्या दोन बॅटऱ्या, मिळून २००. त्यातल्या निम्म्याच वापरायच्या, नाहीतर त्या लवकर मरतात. म्हणजे एका दिवसाचीही सोय नाही. रोज संध्याकाळी धक्क्याची वायर जोडणाऱ्याला ते जाणवत नाही. आम्ही ४०० अँपिअर-तासांची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी घेतली आणि मागच्या कमानीवर ६०० वॅटचे सोलर पॅनेल बसवले. यात एक धोका आहे. लिथियम बॅटरी मिळेल तेवढा प्रवाह ओढते, त्याने इंजिनावर फिरून वीज बनवणारा अल्टरनेटर तापून जळू शकतो. शिवाय बॅटरीतल्या संरक्षणाने मध्येच चार्जिंग तोडलं तर व्होल्टेजच्या उसळीने त्याचे डायोड जातात. म्हणून अल्टरनेटर आमच्याकडे फक्त इंजिनाची शिसाची बॅटरी भरतो, आणि तिथून एक डीसी चार्जर मोजूनमापून लिथियमला देतो. नुसती बॅटरी बदलून मोकळं करून देतो म्हणणारे यार्डात भेटले. मी त्यांना हात लावू दिला नाही.

नांगराला आम्ही हात मोकळा सोडला. जुना १६ किलोचा होता, नवा २५ किलोचा. साखळी १० मिलिमीटरची, ८० मीटर. वारा वाढला की पाण्याच्या खोलीच्या पाच ते सातपट साखळी सोडायची, तेव्हा रात्री डोळा लागतो. पण ही साखळी मीटरला सव्वादोन किलोच्या वर भरते. म्हणजे बोटीच्या नाकावर पावणेदोनशे किलोंहून जास्त वजन, आणि या बोटी मुळात हलक्या, उथळ तळाच्या असतात. आमच्या मापाच्या बोटीवर साधारण अडीचशे किलो चढवले की ती एक सेंटिमीटर खाली बसते. एकेक वस्तू चांगलीच वाटते, पण टनभर सामान झालं की बोट सुस्त होते आणि लाटेत नाक वर काढत नाही. म्हणून जनरेटर नाही, वॉशिंग मशीन नाही. समुद्राचं पाणी पडद्यातून गाळून गोडं करणारं यंत्रही नाही. त्याला ५५-६० बारचा दाब लागतो, आणि तो देणारा पंप भर समुद्रात बिघडला तर दुरुस्त कोण करणार, यावर आम्ही दोन रात्री बोललो. शेवटी टाक्या आणि कॅन यांवर भागवायचं ठरलं. याबाबत इतरांचं मत वेगळं असू शकतं, पण दोघांपुरतं मला आजही हेच बरोबर वाटतं.

झोपायचीही सोय करावी लागली. कंपनीने पुढे ऐसपैस डबल बेड दिला आहे, पण बोट कलली की त्यावर माणूस घरंगळतो. मधल्या बाकाला मी जाड कापडाचा आडोसा शिवला. वर दोन दोऱ्यांनी ताणून बांधला की बाळाच्या झोळीसारखं अंग धरून राहतं. ते शिवायला एक दुपार लागली, आणि आजवर सगळ्यांत जास्त उपयोग त्याचाच झाला.

माझं आजोळ हर्णैचं. पावसाळ्याआधी होड्या वाळूवर ओढून झापांनी शाकारलेल्या असत. नारळी पौर्णिमा जवळ आली की शेजारचा नाखवा झाप काढून फळीन् फळीवर हात फिरवत जाई. कुठली फळी कुठल्या साली बदलली, ते न बघता सांगे. आमच्या बोटीला फळ्या नाहीत, म्हणून मी वही केली. प्रत्येक कप्प्याला एक पान. आत काय आहे, कुठला पाइप कुठून कुठे जातो, कुठल्या क्लिपला कुठला पाना लागतो.

तिसऱ्या खेपेत बोट पाण्यात उतरवली आणि सिसिलीतल्या सिराकुझाला निघालो. जवळपास २८० सागरी मैल, दोन रात्री. दुसऱ्या रात्री दोन वाजता तळातल्या पाण्याचा भोंगा वाजला. नवरा वर सुकाणूवर, मी त्या कापडी झोळीत. उठून फळी उचलली, टॉर्चच्या उजेडात पाणी हिंदकळत होतं. वरून त्याने एकच विचारलं.

"खारं की गोडं?"

मी बोट बुडवून जिभेला लावलं. "गोडं!"

म्हणजे समुद्र आत येत नव्हता, आमचीच टाकी गळत होती. टाकीतलं पाणी नळांना पुरवणारा पंप बंद केला, वहीतलं सतरावं पान काढलं. मागच्या बेडखाली, गरम पाण्याच्या टाकीच्या पाठीमागे, तीन सांधे. दिसत नाहीत, हात कोपरापर्यंत घालावा लागतो. पहिले दोन कोरडे, तिसऱ्याची क्लिप सैल. सात नंबरचा पाना, चार वेढे. स्पंजने तळ कोरडा केला, पंप पुन्हा लावला, भोंगा गप्प राहिला. क्लिपच्या नोंदीपुढे तारीख घातली. माझा पहारा सुरू व्हायला चाळीस मिनिटं होती, तेवढी झोपून घेतली.