सांकेतिक क्रमांक

आमच्या कार्यालयात एकाच भिंतीशी तीन प्रिंटर मांडलेले आहेत. पहिला डॉट मॅट्रिक्स. त्याच्या पिना रिबिनीवर आपटतात म्हणूनच कार्बन लावलेल्या तिन्ही प्रती एकदम उमटतात, आणि केवळ या गुणामुळे तो अजून भंगारात गेलेला नाही. दुसरा छोटा लेझर आहे. त्याच्याविषयी सांगण्यासारखे काही नाही, आणि माझ्या मते प्रिंटरच्या बाबतीत हीच मोठी स्तुती होय. तिसरा कपाटाएवढा, स्पर्शपडद्याचा. तो आला त्या दिवशी, हा वापरायला सर्वांत सोपा, असे सांगण्यात आले आणि आम्हाला ते पटलेही.

पटले नाही ते लेखा विभागातील ताईंना. त्यांना दिसत नाही. संगणकावरचे सारे काम त्या पडदावाचकाच्या, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणाऱ्या प्रणालीच्या साहाय्याने, आमच्यापेक्षा अंमळ वेगानेच करतात. जुन्या प्रिंटरची उंचवट्याची तीन बटणे त्यांच्या बोटांना पाठ आहेत आणि कागद संपल्याची शिट्टी त्यांनाच प्रथम ऐकू येते. एवढेच नव्हे, तर बेरजेखालची आडवी रेघ छापताना होणाऱ्या सलग कर्र आवाजावरून त्या पान कुठवर आले हे सांगतात. ज्या कर्कश्श आवाजाला आम्ही वर्षानुवर्षे नावे ठेवली, तो त्यांच्यापुरता त्या यंत्राचा पडदाच होता.

नव्या यंत्राची काच मात्र सगळीकडे सारखीच गुळगुळीत. शिवाय प्रत्येक पानावर बटणांच्या जागा बदलतात, त्यामुळे पाठ तरी काय करायचे? त्यातच गोपनीयतेसाठी अशी सोय केली आहे की, यंत्राजवळ जाऊन स्वतःचा चार आकडी सांकेतिक क्रमांक टाकल्याशिवाय कागद बाहेर येत नाही. म्हणजे स्वतःच्या पगाराची पावती छापण्यासाठी ताईंनी तो क्रमांक शेजारच्याला सांगायचा, आणि ती पावती आधी त्याने पाहायची! एकदा त्या मला म्हणाल्या, “माझा नंबर आता तुम्हा चौघांना पाठ आहे, उद्या मी विसरले तर विचारीन.” मी हसलो, आणि लगेच ओशाळलो.

दैनंदिन वापराची इलेक्ट्रॉनिक उपकरणे सर्वांना वापरता येतील अशा रचनेची मिळावीत, यासाठी सरकारने पावले उचलावीत, असे दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या 2016 च्या कायद्यातील 42 वे कलम सांगते. आमच्या खरेदीच्या तक्त्यात मात्र मिनिटाला किती पाने आणि पानाला किती पैसे, एवढेच रकाने होते. तो तक्ता मीच तयार केला होता.

पुढे कळले की, क्रमांकाऐवजी ओळखपत्र टेकवून कागद सोडवण्याची सोयही या यंत्राला जोडता येते. तिच्या मंजुरीचा अर्ज मी गेल्या आठवड्यात लिहिला. तो तीन प्रतींत हवा होता, म्हणून ताईंनीच जुन्या प्रिंटरवर छापून दिला.