वेचणीच्या दिवसांत नवा टॅटू
ऐन कापूस वेचणीत दंडावर टॅटू काढून घेतल्यामुळे, तो शेतात जपायचा कसा, हाच आजचा मुख्य प्रश्न होता. सुई शाई त्वचेच्या आतल्या थरात सोडते आणि वरचा थर मात्र जखमी होतो. तो भरून यायला साधारण 2 ते 4 आठवडे लागतात, आणि तोवर धूळ, घाम व ऊन यांपासून त्याला सांभाळावे लागते. (आमच्या विदर्भात ही तिन्ही मुबलक!) म्हणून मी सैल, सुती, लांब बाह्यांचा सदरा घातला, परंतु वाळलेल्या बोंडांची टोके बाहीत अडकू लागली, तेव्हा गाठोडी बांधण्याचे काम मागून घेतले. घरी आल्यावर टॅटू सौम्य साबणाने धुऊन, टिपून कोरडा केला आणि बिनवासाच्या मलमाचा अगदी पातळ थर लावला, कारण जाड थराखाली ओल कोंडते. स्वतःच्या हातावर ठसठशीत गोंदण मिरवणाऱ्या आजीने हळद लावण्याचा आग्रह धरला. तिला नाही म्हणणे सर्वांत अवघड गेले. आता खपल्या सुटू लागल्या असून खाज अनावर होते, तरी खपली ओढली तर तिच्यासोबत रंगही जातो, म्हणून नखे कापून टाकली आहेत. विहिरीतले पोहणे तूर्त बंद.