कार्बन घातला, तापमान उतरलं, आणि तरी फायदा झाला

मॅग्नेशियम डायबोराइड 39 केल्विनला अतिसंवाहक होतं, म्हणजे त्याचा विद्युत रोध शून्य होतो, हे 2001 मध्ये उघड झालं. इतक्या साध्या धात्विक संयुगासाठी हा आकडा भलताच मोठा. त्यातल्या बोरॉनच्या जागी थोडाथोडा कार्बन घालून काय होतं ते बघणं, हे माझं प्रबंधाचं काम.

सगळा वैताग नमुना करण्यातच. मॅग्नेशियम 650 अंश सेल्सिअसला वितळतं, तापवताना वाफ होऊन निसटू पाहतं आणि ऑक्सिजन मिळाला की त्याचा ऑक्साइड होतो. म्हणून वजन करणं, मिसळणं सगळं आर्गॉन भरलेल्या ग्लोव्ह बॉक्समध्ये. जाड रबरी हातमोज्यांतून चिमूटभर पावडर कागदावरून नळीत सोडायची म्हणजे संयमाची परीक्षाच. मग टँटलमची नळी बंद करून भट्टीत. कार्बनसाठी मी काजळीऐवजी बोरॉन कार्बाइड घेतलं. त्यात कार्बन आधीच बोरॉनमध्ये अणूपातळीवर मुरलेला असतो.

किती कार्बन टाकला याला फारसा अर्थ नाही, स्फटिकातल्या अणूंच्या जाळीत किती शिरला ते महत्त्वाचं. ते एक्स-रे आलेखात दिसतं. थरांमधलं अंतर सांगणारं 002 चं शिखर जवळपास जागच्या जागी, थरातलं आडवं अंतर सांगणारं 110 चं मात्र उजवीकडे सरकलेलं. म्हणजे बोरॉनचे थर आडवे आकसले, थरांमधलं अंतर तसंच राहिलं. ही दोन शिखरं शेजारी ठेवून बघताना मला सगळ्यात मजा आली.

मग सिल्व्हर पेस्टने चार तारा चिकटवून रोध मोजला. रोध शून्यावर कोसळण्याचं तापमान कार्बन वाढेल तसं खाली येत गेलं. कारण सरळ आहे: कार्बनकडे बोरॉनपेक्षा एक इलेक्ट्रॉन जास्त. अतिसंवाहकता बोरॉन-बोरॉन बंधांच्या, म्हणजे सिग्मा, ऊर्जापट्ट्यातल्या ज्या होल्सवर (इलेक्ट्रॉनच्या रिकाम्या जागांवर) उभी आहे, त्याच तो भरत जातो.

‘मग बिघडवलंसच की!’ असं ऐकावं लागतं. पण कार्बनमुळे इलेक्ट्रॉन जास्त विखुरतात, आणि त्यामुळे पदार्थ जास्त चुंबकीय क्षेत्र सोसतो. सुमारे 5 टक्के कार्बनला संक्रमण तापमान, म्हणजे रोध कोसळण्याचं तापमान, 35 केल्विनच्या आसपास राहतं, पण अगदी कमी तापमानाला वरची क्षेत्रमर्यादा, म्हणजे ज्यापुढे अतिसंवाहकता संपते ते चुंबकीय क्षेत्र, 16 टेस्लावरून 30 च्या पुढे जाते. 10 टक्क्यांना मात्र तापमानच 22 केल्विनवर येतं. द्रव हेलियमशिवाय 20 केल्विनला चालवायच्या मॅग्नेटला जेमतेम दोन अंश वर असलेला तो नमुना काय कामाचा? पुढच्या मोजमापांना मी 5 टक्क्यांचाच ठेवला.